नागपुरात बंगल्यातल्या हॉटेलात उतरायचंय? बुकिंगआधी हे वाचून घ्या

धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स या भागांतल्या काही जुन्या बंगल्यांची आता हॉटेलं झाली आहेत. आठ-दहा खोल्या, पोर्चमध्ये बंगई (झोपाळा), आवारात आंबा नाहीतर कडुनिंब, सकाळी चहा वरांड्यात. आमचं घर फ्लॅट स्कीममध्ये (म्हणजे पाडून अपार्टमेंट बांधण्यात) गेल्यापासून नागपूरला आले की मी अशाच ठिकाणी उतरते. शिवाय लग्नाकार्याला येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांची सोय बघायचं कामही माझ्याकडेच येतं. त्यामुळे कुठे काय अडतं, याचा बऱ्यापैकी अंदाज आला आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. वर्धा रोडवरच्या मोठ्या हॉटेलात लिफ्ट, जनरेटर, रात्रीचं किचन हे सगळं ठरलेलं असतं. बंगल्यात त्यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. इथे तुम्ही मुख्यतः शांततेचे पैसे देता, आणि ती शांतता अ‍ॅपवरच्या फोटोत दिसत नाही. ती फोन करून तपासून घ्यावी लागते.

१. आधी तारीख बघा, हॉटेल नंतर

नागपुरात वर्षातले काही दिवस असे असतात, की तेव्हा शांत वस्तीसुद्धा शांत राहत नाही.

पहिलं म्हणजे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. १९५३ च्या नागपूर कराराला धरून राज्याचं एक अधिवेशन इथे भरतं, बहुतेक वेळा डिसेंबरात. विधानभवन, रविभवन, आमदार निवास, रामगिरी (मुख्यमंत्र्यांचा बंगला) हे सगळं सिव्हिल लाइन्समध्ये किंवा त्याच्या आसपास. मंत्री-आमदारांची सोय सरकारी असते, पण त्यांच्यामागून येणारे अधिकारी, पत्रकार, कार्यकर्ते शहरभर खोल्या घेतात. भाव वाढतात आणि मोर्चांमुळे रस्ते बंद होतात. तुमचं काम अधिवेशनाशीच असेल तर प्रश्न नाही. नाहीतर तारखा जाहीर होईपर्यंत डिसेंबरचं नक्की करू नका, आणि केलंच तर रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या.

दुसरा दसरा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी ज्या जागी धम्मदीक्षा दिली, त्या दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला देशभरातून लाखो लोक येतात. त्याच दिवशी रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सवही असतो. दीक्षाभूमीला यायचं असेल तर लक्ष्मीनगर, बजाजनगर, अभ्यंकरनगर हा भाग पायी अंतरावर पडतो, पण त्या दोन-तीन दिवसांत गाडी दारापर्यंत जाईलच असं नाही. सामान कमी आणा.

तिसरं, तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त. लग्नांच्या लॉनबद्दल पुढे सविस्तर, कारण खरा घोळ तिथेच होतो.

जामठ्याला क्रिकेटचा सामना असला की वर्धा रोड आधी भरतो आणि उरलेली गर्दी शहरात येते. मे महिन्यात मात्र खोल्या स्वस्तात मिळतात. पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा नागपूर बघायला कोण येणार!

२. वस्ती निवडा

नकाशावर सगळं जवळ-जवळ दिसतं आणि खरं म्हणजे आहेही जवळच. पण वस्तीगणिक फरक मोठा आहे.

सिव्हिल लाइन्स सगळ्यात देखणं. नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतं त्या काळातले बंगले, मोठी आवारं, रस्त्यावर झाडांची सावली. हायकोर्टात तारीख असलेल्यांना हेच सोयीचं. मात्र संध्याकाळनंतर पायी जाऊन दूध किंवा डोकेदुखीची गोळी आणायची म्हटलं, तर दुकान लवकर सापडत नाही.

धरमपेठ, गोकुळपेठ, शंकरनगर, रामनगर हा पट्टा नवख्या माणसासाठी माझ्या मते सगळ्यात चांगला. वेस्ट हायकोर्ट रोडवर दुकानं आणि खाणंपिणं, गोकुळपेठेत भाजीबाजार, आणि दोन गल्ल्या आत शिरलं की कोकिळेचा आवाज. मुख्य रस्त्याला लागून असलेली जागा मात्र घेऊ नका. पत्त्यात नुसतं ‘वेस्ट हायकोर्ट रोड’ असेल तर बंगला रस्त्यावर आहे की आत, हे विचारा.

रामदासपेठ आणि धंतोली म्हणजे दवाखान्यांचा भाग. घरचं कुणी अ‍ॅडमिट असेल तर इथेच उतरावं, कारण रात्री-अपरात्री पायी जाता येतं. निव्वळ आरामाला येणार असाल तर अ‍ॅम्ब्युलन्सचे भोंगे आणि पार्किंगची मारामारी लक्षात घ्या.

सेमिनरी हिल्सकडे झाडी दाट, पहाटे मोर ओरडतात, उन्हाळ्यातही दोन अंश कमी वाटतं. पण रात्री नऊनंतर ऑटो मिळणं कठीण. स्वतःची गाडी असेल तरच. सदरच्या मागचं बैरामजी टाऊन जुन्या बंगल्यांसाठी बघण्यासारखं आहे.

अंबाझरीच्या आजूबाजूला राहायला सगळ्यांनाच आवडतं, कारण सकाळी तलावावर फिरायला जाता येतं. पण पावसाळ्यात एक चौकशी केल्याशिवाय तिथे पैसे भरू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत काही तासांतच शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा चांगल्या बंगल्यांच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं. म्हणून जुलै ते सप्टेंबरात नाल्याच्या किंवा नाग नदीच्या काठची जागा असेल, तर “तेव्हा तुमच्याकडे पाणी आलं होतं का?” असं थेट विचारा. नागपुरी माणूस हे लपवत नाही, उलट कुठपर्यंत आलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

३. फोन करा, आणि हेच प्रश्न विचारा

पाटीवर व्हिला, हेरिटेज, रेसिडेन्सी काहीही लिहिलेलं असो. मला आजवर तीन प्रकार दिसले आहेत. खरा जुना बंगला. बंगल्याच्या मागे बांधलेली तीनमजली नवी इमारत, जिच्यासाठी फोटो मात्र पुढच्या बंगल्याचे वापरतात. आणि खाली पार्किंग, वर खोल्या अशी साधी लॉज, जिच्या दारात दोन खांब उभे केले आहेत. पहिला प्रश्न म्हणून हेच विचारा: “माझी खोली मूळ बंगल्यात आहे की मागच्या बिल्डिंगमध्ये?”

दुसरा प्रश्न लॉनचा. ज्या बंगल्याला हिरवळ आहे, तो ती भाड्याने देणारच. मॅनेजरशी बोलणं साधारण असं होतं:

“भाऊ, शनिवारी तुमच्या लॉनवर काही प्रोग्राम आहे का?”
“नाही ताई, तसं काही नाही जी. एक छोटासा साखरपुडा आहे.”
“किती माणसं?”
“घरचीच. दोन-अडीचशे.”

नागपुरात ‘घरची’ म्हणजे इतकी असतात. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करायचा नियम आहे, आणि बरेच जण पाळतात. पण त्यानंतर केटररची पातेली घासणं, खुर्च्या एकावर एक रचणं, फाटकाशी अर्धा तास चालणारे निरोप, हे सगळं तुमच्या खिडकीखालीच होतं. ‘लग्न आहे का’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणतील, आणि ते खोटंही नसेल. ‘प्रोग्राम’ म्हणून विचारा. आणि फक्त त्याच बंगल्याचं विचारून भागत नाही, शेजारी मंगल कार्यालय किंवा लॉन आहे का तेही विचारा.

तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो: “बाजूला फ्लॅट स्कीमचं काम सुरू आहे का?” या वस्त्यांतले बंगले एकामागून एक पडताहेत. आज तुमच्या हॉटेलाच्या उजवीकडे आंबा दिसतो, पुढच्या वेळी पत्रे ठोकलेले दिसतील. सकाळी लवकर ब्रेकर सुरू होतो, रात्री उशिरा रेतीचा ट्रक रिकामा होतो. हॉटेलचा यात दोष नसतो, पण तुमची झोप जाते ती जातेच. अ‍ॅपवरचे अभिप्राय ‘नवीन आधी’ असे लावून वाचा. दोन वर्षांपूर्वीच्या ‘अतिशय शांत परिसर’ला आता काही अर्थ नाही.

बाकीचे पटापट: लिफ्ट आहे का (बहुधा नसते, आणि जुन्या जिन्याच्या पायऱ्या उंच असतात, आजी-आजोबा सोबत असतील तर तळमजलाच घ्या). लाइट गेली तर एसी चालतो की नुसता पंखा, म्हणजे जनरेटर आहे की इन्व्हर्टर. किचन किती वाजता बंद होतं. फाटक रात्री किती वाजता लागतं. नॉनव्हेज चालतं का, आणि बाहेरून मागवलेलं खोलीत खाता येतं का. गाडी आवारात राहील की रस्त्यावर.

४. खोली ऋतू बघून मागा

मे महिन्यात तळमजला, पावसाळ्यात पहिला मजला. उन्हाळ्यात गच्चीखालची खोली रात्री बारापर्यंत तापलेली असते, एसी नुसता घरघरत राहतो. एसीसोबत डेझर्ट कूलरही असेल तर ती खोली घ्या. कोरड्या नागपुरी उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरसारखी झोप दुसऱ्या कशाने येत नाही. मात्र पहिला पाऊस पडला की कूलर बंद करायला सांगा, नाहीतर चादरीसुद्धा ओलसर होतात. पावसाळ्यात तळमजल्याच्या जुन्या भिंतींना ओल असते. दार उघडल्यावर कुबट वास आला तर तिथल्या तिथे खोली बदलून मागा, सामान उघडल्यावर नको.

डिसेंबर-जानेवारीत उलट पंचाईत. उंच छताच्या मोठ्या खोल्या रात्री गारठतात. ब्लँकेट नको, रजई मागा, आणि गिझर सोलरचा आहे की विजेचा ते विचारा. नुसता सोलर असेल तर सकाळी सहाच्या आंघोळीला पाणी कोमट मिळेल.

पंप, जनरेटर आणि किचन बंगल्याच्या कुठल्या बाजूला आहेत ते विचारून त्याच्या विरुद्ध बाजूची खोली घ्या. आगाऊ सांगितलं तर बहुतेक ठिकाणी देतात. खोल्याच मोजक्या असल्यामुळे मॅनेजरला प्रत्येक खोलीचं तोंडपाठ असतं.

५. पैशांचं

अ‍ॅपवरचा भाव बघा, मग थेट फोन करून भाव विचारा. लहान हॉटेलं कमिशन वाचतं म्हणून बऱ्याचदा थोडं कमी करतात, किंवा नाश्ता धरून देतात. भाव सांगितला की “टॅक्स धरून की वेगळा?” हा प्रश्न लगेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के.  कंपनीच्या खर्चाने येणार असाल तर कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर बुकिंग करतानाच द्या. बिल निघाल्यावर बदलून मागितलं की मॅनेजर “सायेब आले की करतो” म्हणतो, आणि सायेब येत नाहीत.

आगाऊ रक्कम युपीआयने पाठवायची असेल तर नाव नीट बघा. नंबर हॉटेलच्या पाटीवरचा किंवा त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा असावा. नुसत्या नेटवर शोधून सापडलेल्या नंबरावर पैसे टाकू नका, हॉटेलच्या नावाने खोटे नंबर टाकून ठेवणारे भामटे आहेत. पैसे गेल्यावर तारीख, खोली, नाश्ता आणि रद्द केल्यास काय, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोंडी बोलणं झालेला माणूस त्या दिवशी सुटीवर असतो.

६. कागदपत्रं

सोबत हे ठेवा:

- प्रत्येक मोठ्या माणसाचं फोटो आणि पत्ता असलेलं ओळखपत्र: आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो.
- आधार द्यायचं तर मास्क केलेलं, म्हणजे शेवटचे चारच आकडे दिसणारं. ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं.
- झेरॉक्सवर हॉटेलचं नाव आणि तारीख लिहून आडवी सही करा.
- बुकिंगचा मेसेज आणि आगाऊ रकमेची पावती.

अडचण येते ती दोन ठिकाणी. एक, ओळखपत्रावर नागपूरचाच पत्ता असेल तर बरीच हॉटेलं खोली देत नाहीत. घरी रंगकाम सुरू आहे म्हणून दोन दिवस राहायचं असलं, तरी. कायद्यात असं काही नाही, त्यांचा त्यांचा नियम असतो. म्हणून आधीच सांगा. अविवाहित जोडप्यांबाबतही तेच: कायदा अडवत नाही, मालक अडवतो. फोनवर स्पष्ट विचारून घेतलं की दारात उभं राहून वाद घालायची वेळ येत नाही.

दुसरी, परदेशी पासपोर्ट असलेला पाहुणा. त्याची माहिती हॉटेलला चोवीस तासांत सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. अमेरिकेहून आलेला भाचा मराठी बोलत असला तरी पासपोर्ट तिकडचा असेल तर त्यालाही हे लागू आहे. लहान बंगल्यांपैकी अनेकांकडे ती सोयच नसते.

७. पोचायचं कसं

नागपूरचा पत्ता प्लॉट नंबर आणि लेआऊटमध्ये असतो, पण माणसं चौकाच्या भाषेत बोलतात. “कोणत्या चौकातून आत?” हे हॉटेलला विचारा आणि ड्रायव्हरला तेच सांगा: लॉ कॉलेज चौक, शंकरनगर चौक, एलएडी चौक, कॉफी हाऊस चौक. नुसत्या नकाशावर गेलात तर तो बंगल्याच्या मागच्या गल्लीत आणून सोडतो, आणि मागचं फाटक बंद असतं.

विमानतळावरून मेट्रो आहे, पण तिचं स्थानक वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. तिथून ऑरेंज लाइनने सीताबर्डी, आणि तिथे बदलून अ‍ॅक्वा लाइन. धरमपेठेकडे जाणाऱ्यांनी इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, शंकरनगर चौक किंवा एलएडी चौक यांपैकी जवळचं स्थानक बघावं. सिव्हिल लाइन्सला मात्र ऑरेंज लाइननेच पुढे झीरो माइल किंवा कस्तुरचंद पार्क. सामान कमी असेल आणि दिवसाची वेळ असेल तर छान. रात्री उशिराच्या विमानाला मेट्रोचा उपयोग नाही, टॅक्सीच घ्या.

रेल्वेने आलात तर मुख्य, म्हणजे पश्चिमेच्या दाराने बाहेर पडा. संत्रा मार्केटकडच्या दाराने निघालात तर उगीच वळसा पडतो. तुमची गाडी अजनीला थांबत असेल आणि हॉटेल धंतोली-बजाजनगरकडे असेल तर तिथेच उतरणं सोपं. ऑटोवाले मीटर टाकत नाहीत. आधी अ‍ॅपवर भाडं बघा, मग बोला. आणि ‘सीताबर्डी’ कोणी म्हणत नाही, ‘बर्डी’ म्हणा.

८. राहताना

या हॉटेलात स्वयंपाक करणारी एखादी मावशी किंवा महाराज असतो, मोठा स्टाफ नसतो. रात्रीचं जेवण हवं असेल तर दुपारी सांगा. आणि मेनूकार्डावरचं पनीर मागवण्यापेक्षा “घरी काय करणार आहात?” असं विचारा. मग गोळाभात, पाटवडीचा रस्सा, हिवाळ्यात सांबारवडी असं काहीतरी ताटात येतं. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याच्या पाहुण्यांना मला दरवेळी सांगावं लागतं. सांबारवडी गरम असतानाच खावी, वरचं पातळ आवरण कुडुम वाजतं आणि आत खोबरं-खसखशीचं सारण. निवल्यावर ती मजा नाही.

सावजी मात्र हॉटेलात मागू नका, त्यासाठी बाहेर जा. तिखट सोसत नसेल तर रस्सा वेगळा मागा, वरची तर्री बाजूला करता येते. तर्री-पोहेही सकाळी गाडीवरच खावेत. नाश्ता धरलेला असला तरी एक सकाळ त्यासाठी सोडून द्या.

संध्याकाळी सहाला खिडक्या लावून घ्या. झाडं आणि तलाव आले की डास आलेच. ओडोमॉस आणि बाटलीवालं लिक्विड स्वतःचं आणा, खोलीतलं बहुतेक वेळा रिकामं असतं. रात्री उशिरा पायी परतायचं असेल तर गल्लीतली कुत्री अनोळखी माणसावर धावतात. चौकीदाराला फोन करून फाटकाशी बोलवा. त्याचा नंबर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा, मॅनेजरपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

फिरायला सकाळी अंबाझरी, संध्याकाळी फुटाळा. फुटाळ्यावर शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. मुलं असतील तर रामन विज्ञान केंद्र आणि धरमपेठेतलं ट्रॅफिक पार्क. सिव्हिल लाइन्सला उतरलात तर १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय जवळ आहे, फक्त ऑटोवाल्याला ‘अजबबंगला’ म्हणा, नाहीतर त्याला कळणार नाही.

९. निघताना

जंगलाला जाणाऱ्यांसाठी: पेंचच्या सकाळच्या सफारीला पहाटेच निघावं लागतं, तेव्हा किचन बंद असतं. आदल्या संध्याकाळी बिल चुकतं करा, डबा बांधून मागा आणि चौकीदाराला वेळ सांगून ठेवा, नाहीतर अंधारात कुलूपबंद फाटकाच्या आत हॉर्न वाजवत बसाल. ताडोब्यासाठी नागपुरात रात्र काढून पहाटे पळण्यात अर्थ नाही. आदल्या दिवशीच तिकडे जाऊन राहा.

चेक-आउटची वेळ लवकर असते, पण गाडी रात्रीची असेल तर सामान ऑफिसात ठेवू देतात. शेवटच्या दिवशी खोली रिकामी असेल तर थोडे पैसे घेऊन दोन-तीन तास वाढवूनही देतात. हे अ‍ॅपवर होत नाही, तोंडाने मागावं लागतं.

संत्री न्यायची असतील तर हंगाम बघा. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आसपास येतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चकडे, आणि चवीला मला मृगाचं जास्त आवडतं. रस्त्यावर पिशवीत भरून घेऊ नका. चौकीदाराला किंवा मावशीला आदल्या दिवशी पैसे देऊन सांगा, ते कळमन्याच्या बाजारातून किंवा ओळखीच्या बागवानाकडून आणून देतात. विमानाने जात असाल तर खोका सुतळीने बांधून घ्या आणि वजन हॉटेलातच करा. संत्रा बर्फी बर्डीवर कुठेही मिळते, पण तारीख बघून घ्या, ती फार दिवस टिकत नाही.